रावळगावची गोळी बुडते, मग जहाज का तरंगतं? – वालचंद हिराचंद यांची ओळख

घनता आणि तरंगणे हा घटक आला की आपण बहुतेक सगळेच आर्किमिडीजकडे धावतो. राजा, मुकुट आणि हौद. गोष्ट छान आहे, मुलं हसतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. सिराक्यूस कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसतं आणि सोन्याचा मुकुट कुणी पाहिलेला नसतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हाच घटक शिकवायला एक फार जवळचा माणूस उपलब्ध आहे. त्याने आपल्या मालेगाव तालुक्यात साखर तयार केली आणि समुद्रावर जहाजं तरंगवली. साखर पाण्यात तळाशी जाते, लोखंडही जातं. तरी या माणसाचं अर्धं आयुष्य लोखंड तरंगवण्यात गेलं. त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

मुलांना हे नाव सांगितलं तर त्यांचे चेहरे कोरेच राहतील. पण रावळगाव म्हटलं की आजी-आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा ओठ चाटतात. दुकानदार सुट्टे पैसे नसले की हातावर ठेवायचा ती गोळी. तर पाठाची सुरुवात या गोळीपासून करा, आणि मग माणसाकडे या.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, पण सोलापुरात स्थिरावलेलं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. मॅट्रिकनंतर ते मुंबई-पुण्याला शिकायला गेले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडणं हे त्यांच्या स्वभावात बसणारं काम नव्हतं. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे, पूर्वी रेल्वेत कारकून असलेले गृहस्थ त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम बार्शी लाइट रेल्वेचं, त्या छोट्या गाडीचा रूळ पुढे वाढवण्याचं. फाटक-वालचंद ही जोडी पुढे बरीच वर्षं चालली. नंतर टाटांबरोबर बांधकाम कंपनी निघाली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या जलवाहिन्या अशी मोठी कामं झाली. 1926 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. हा सगळा भाग मी इथे भरभर सांगतो आहे, कारण आपल्याला समुद्राकडे जायचं आहे.

1919 साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. हिंदुस्थानचा समुद्रकिनारा एवढा मोठा, पण त्यावरून माल आणि माणसं नेणारी मोठी जहाजं जवळजवळ सगळी इंग्रज कंपन्यांची. आपला कापूस, आपला तांदूळ, आणि भाडं त्यांच्या खिशात. असं सांगतात की दिल्लीहून परतताना आगगाडीत वालचंदांना एका इंग्रज परिचिताकडून कळलं की ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जहाज विकायचं आहे. जहाजाचं नाव लॉयल्टी. ते 1891 साली इंग्लंडमध्ये बांधलेलं, आधी एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने पॅसिफिक महासागरात कॅनडा आणि चीन-जपानच्या दरम्यान चालायचं. महाराजांनी ते युद्धाच्या काळात घेतलं आणि जखमी सैनिकांसाठी तरंगतं रुग्णालय म्हणून दिलं होतं.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेतलं. जहाज घेतलं, कंपनी काढली. जहाज शिंदे सरकारांकडून आलं म्हणून कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. म्हणूनच आपण 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

इथे थोडं थांबूया, कारण वर्गात प्रश्न इथेच येतो. एवढं मोठं लोखंडी जहाज बुडत कसं नाही?

आधी मुलांना उत्तर देऊ द्या. बहुतेक जण म्हणतील, हलकी वस्तू तरंगते आणि जड वस्तू बुडते. हे वाक्य आपण मोठ्यांनीच त्यांच्या डोक्यात घातलेलं असतं. ते मोडायला बाजारातून फक्त एक कांदा आणि एक बटाटा आणा. लासलगावचा चांगला टपोरा कांदा बादलीत टाका. बहुतेक कांदे तरंगतात, त्यांच्या पापुद्र्यांमध्ये हवा अडकलेली असते. आता बटाट्याची नखाएवढी फोड टाका. सरळ तळाला. कांदा त्या फोडीपेक्षा वीसपट जड असेल, तरी तो वर आणि फोड खाली. म्हणजे वजन एकटं काही ठरवत नाही. तेवढ्या जागेत किती वजन मावलं आहे हे महत्त्वाचं. त्यालाच आपण घनता म्हणतो.

पाण्याची घनता एका घनसेंटिमीटरला 1 ग्रॅम. गोडेतेल साधारण 0.92, म्हणून आमटीवर तवंग येतो. दूध 1.03 च्या आसपास, मध 1.4 च्या आसपास. साखरेचा स्फटिक 1.59. लोखंडाची घनता 7.8 च्या पुढे. म्हणजे एक घनसेंटिमीटर लोखंड हे तेवढ्याच पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. खिळा बुडणारच.

पण जहाज म्हणजे लोखंडाचा ठोकळा नाही. ते लोखंडाचं भांडं आहे. जहाजाच्या आत खोल्या आहेत, कोठारं आहेत, आणि त्यांतली बरीचशी जागा हवेने व्यापलेली आहे. लोखंड, कोळसा, माल, माणसं आणि हवा या सगळ्यांचं मिळून वजन करा आणि जहाजाने बाहेरून व्यापलेल्या एकूण जागेने भागा. उत्तर पाण्याच्या घनतेपेक्षा कमी आलं, तर जहाज तरंगतं. काही मुलं म्हणतात की हवा जहाजाला वर उचलते. तसं नाही हे आवर्जून सांगावं. वर उचलतं ते पाणी. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं, त्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्याला खालून मिळतो. हवेमुळे एवढंच होतं की फार वजन न वाढवता जहाजाला खूप जागा व्यापता येते आणि खूप पाणी सारता येतं. तांब्या पालथा-सुलथा करून बादलीत दाबून बघायला सांगा, हाताला तो जोर लगेच कळतो.

लॉयल्टी साधारण 5,900 टनांचं जहाज म्हणून नोंदलेलं होतं. हा आकडा वाचून आपण समजतो की ते एवढं वजनदार होतं. गंमत अशी की जहाजाच्या बाबतीत हा टन वजनाचा नसतोच! जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे आणि त्या काळी 100 घनफूट म्हणजे एक टन धरत. गुणाकार मुलांना करू द्या. 5,900 गुणिले 100, म्हणजे 5 लाख 90 हजार घनफूट, म्हणजेच सुमारे 16,700 घनमीटर. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वातीन मीटरपेक्षा किंचित उंच अशी आपली वर्गखोली 100 घनमीटरची धरली, तर 167 वर्गखोल्या त्या एका जहाजात बसतील. शाळेत दहा खोल्या असतील तर अशा सोळा-सतरा शाळा. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतात, आणि मग एकदम प्रश्नांचा पाऊस पडतो.

आता गोष्टीकडे. जहाज पाण्यावर तरंगलं, पण धंदा तरंगवणं अवघड निघालं. लॉयल्टी जुनं झालेलं होतं, खर्च फार होता. 1923 मध्ये ते मुंबईतच मोडीत काढलं गेलं. तोवर सिंदियाने मालवाहू जहाजं घेऊन ब्रह्मदेशातला तांदूळ वगैरे माल किनाऱ्याकिनाऱ्याने आणायला सुरुवात केली होती. समोर होती ब्रिटिश इंडिया कंपनी, तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. त्यांनी भाड्याचे दर पाडले. मोठी कंपनी काही वर्षं तोटा सोसू शकते, नवी कंपनी नाही. शेवटी 1923 मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं राहायचं आणि जहाजंही ठरलेल्या मर्यादेतच ठेवायची. स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यावर स्वतःच्या जहाजांची संख्या दुसऱ्याने ठरवून द्यायची! काही जण या कराराला माघार म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या काळात निघालेल्या कितीतरी देशी जहाज कंपन्या बुडाल्या. ही टिकली आणि टिकली म्हणूनच पुढचं सगळं घडलं. तमिळनाडूत व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी त्याआधी काढलेल्या स्वदेशी जहाज कंपनीचं काय झालं, हे वरच्या वर्गातल्या मुलांना शोधायला सांगा. म्हणजे ही लढाई किती कठीण होती ते समजेल.

याच सुमाराला, 1923 च्या आसपास, वालचंदांनी आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावला सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन कसली, खडकाळ माळरान. तिथे दगड काढून, पाणी आणून ऊस उभा केला. 1932 मध्ये परदेशी साखरेपासून देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने निघू लागले. रावळगावचा साखर कारखाना 1933 चा. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबला त्यांनी असंच दुसरं शेत आणि कारखाना उभारला, तेच आजचं वालचंदनगर. रावळगावला पुढे 1940 च्या दशकात गोळ्या आणि टॉफी तयार होऊ लागल्या. 2024 मध्ये हा गोळ्यांचा ब्रँड रिलायन्सकडे गेला, पण नाव गावाचंच राहिलं.

साखर कारखाना म्हणजे घनतेची प्रयोगशाळाच आहे हो. उसाच्या रसात चुना घालून तो तापवतात, जड गाळ खाली बसतो. आपल्या गुऱ्हाळात कढईतल्या रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, मळी वर येऊन तरंगते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. रसात साखर किती आहे हे मोजायला काचेची एक नळी त्यात सोडतात. रस जितका गोड तितका तो घट्ट, आणि तितकी ती नळी वर तरंगते. नळीवरच्या खुणेवरून ब्रिक्स हे माप वाचतात. ताज्या उसाच्या रसाचं ब्रिक्स साधारण 18 असेल तर त्याची घनता 1.07 च्या जवळपास येते. ब्रिक्स हा शब्द दिंडोरी, निफाडच्या मुलांना नवीन नाही. द्राक्षं काढणीला आली की नाही हे पाहायला त्यांच्या घरी वडील हाच शब्द वापरतात, फक्त हातातलं यंत्र वेगळं असतं.

म्हणून हा प्रयोग द्राक्षावरच करा. काचेच्या ग्लासात 200 मिलिलिटर पाणी घ्या आणि एक द्राक्ष सोडा. ते बुडेल. मग एकेक चमचा साखर विरघळवत जा, प्रत्येक वेळी नीट ढवळून थांबा. साधारण 50 ते 70 ग्रॅम साखर विरघळली की द्राक्ष हळूच तळ सोडतं आणि वर येतं. द्राक्ष तेच, वजन तेच, बदललं ते पाणी. वेगवेगळ्या बागांतली द्राक्षं आणली तर आणखी मजा. जास्त गोड द्राक्षाला वर यायला जास्त साखर लागते. मुलं स्वतःच बागांचे नंबर लावतात. आणि प्रयोगाचं सरबत वाया जात नाही, लिंबू पिळायचं. (ग्लास, चमचा, द्राक्षं आधी स्वच्छ धुवा, हे सांगायला नको.)

त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या शाळांत द्राक्षं नसली तर भाताचं बियाणं आहे. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी गेलेले भरीव दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन वापरायचे. साध्या पाण्यात काही पोचट दाणे खाली जाऊन फसवतात, मिठाच्या पाण्यात ते उघडे पडतात. मुलांच्या घरी हे होतच असतं, आपण फक्त त्याला पुस्तकातलं नाव द्यायचं.

हीच गोष्ट जहाजाला लागू होते. समुद्राचं पाणी खारट, त्याची घनता 1.025 च्या आसपास. नदीचं पाणी 1. समुद्रातून गोड्या पाण्याच्या नदीत शिरलं की तेच भरलेलं जहाज साधारण वीतभर जास्त खाली बसतं. म्हणून मालवाहू जहाजाच्या बाहेर कुशीवर आडव्या रेघा रंगवलेल्या असतात. गोड्या पाण्यासाठी वेगळी, उन्हाळ्यातल्या समुद्रासाठी वेगळी, हिवाळ्यासाठी वेगळी. इंग्लंडमध्ये लोभापायी जहाजं ठासून भरत आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्यासाठी भांडून 1876 मध्ये कायदा करवून घेतला, म्हणून या खुणेला प्लिमसॉल रेषा म्हणतात. वर्गातल्या कागदी होडीवरसुद्धा अशी रेघ काढायला लावा.

1929 मध्ये नरोत्तम मोरारजींचा अपघाती मृत्यू झाला आणि सिंदियाचं अध्यक्षपद वालचंदांकडे आलं. आता त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. जहाजं विकत घ्यायची तरी किती दिवस, ती इथेच बांधायची. सरकारची मदत नव्हती, उलट अडथळेच होते. शेवटी विशाखापट्टणमला जागा मिळाली आणि 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. दुसरं महायुद्ध चालू होतं. 6 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले, काम विस्कळीत झालं. त्याच धामधुमीत 1940 मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता, तोही युद्धामुळे 1942 मध्ये सरकारने ताब्यात घेतला. 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पद्मिनी टॅक्सी आठवत असेल, ती याच कंपनीची. हवा, पाणी, जमीन, तिन्हीकडे एकाच वेळी हात घालणारा माणूस. त्यांच्या हिशेबनिसांची मला खरंच कीव येते.

14 मार्च 1948. स्वतंत्र भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू विशाखापट्टणमला आले आणि जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. आठ हजार टनी. सिंदियाच्या जहाजांची नावं जल या शब्दाने सुरू होत. जलदूत, जलवीर, जलउषा. भाषेच्या तासाला मुलांना अशी आणखी नावं शोधायला द्या, समास न शिकवता समास शिकवून होतो. जहाज पाण्यात सोडतात तेव्हा ते पूर्ण झालेलं नसतं, हेही सांगा. उतारावरून सांगाडा घसरत पाण्यात येतो, तेव्हा तो हलका असतो आणि बराचसा पाण्याच्या वर दिसतो. पुढची जोडणी तो पाण्यावर असतानाच होते. मग माल भरत जातो तसं जहाज खाली बसत जातं. समजा 8,000 टन माल भरला, तर जहाजाला आणखी 8,000 टन समुद्राचं पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे सुमारे 7,800 घनमीटर. वर्गखोल्यांत सांगायचं तर 78.

हे हातात घेऊन बघायचं असेल तर रावळगावच्या गोळ्या आणा. एक गोळी पाण्यात टाका. बुडेल, आणि मग विरघळेल. आता डबा गुंडाळायच्या चंदेरी कागदाची 6 सेंटिमीटर लांब, 6 रुंद आणि 2 उंच अशी होडी करा. तिची जागा 72 घनसेंटिमीटर, म्हणजे कागदासकट 72 ग्रॅमपर्यंत ती झेलायला हवी. कागदाचे दोन ग्रॅम वजा करा. गोळी 3 ग्रॅमची धरली तर 23 गोळ्या. (खरं वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करून आणायला लावा.) आधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्या, मग होडी भरा. प्रत्यक्षात 23 पर्यंत क्वचितच पोचता येतं. गोळ्या एका बाजूला ठेवल्या की होडी कलते, कडेवरून पाणी आत येतं आणि सगळं संपतं. माल कुठे ठेवायचा हेही शास्त्र आहे, हे कुणी न सांगता त्यांना कळतं. गोळ्या कागदासकट ठेवा, नाहीतर बुडालेला माल चिकट होतो.

जलउषा तरंगलं तोवर वालचंद थकले होते. प्रकृती ढासळल्यामुळे 1950 मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. जहाज कारखाना चालवणं खाजगी कंपनीच्या आवाक्याबाहेर जाऊ लागलं होतं. 1952 मध्ये सरकारने त्यातला मोठा हिस्सा घेतला आणि हिंदुस्तान शिपयार्ड अस्तित्वात आलं, 1961 मध्ये ते पूर्ण सरकारी झालं. ज्या तीन कारखान्यांसाठी वालचंद ओळखले जातात, त्यातले विमानाचे आणि जहाजाचे असे दोन त्यांच्या हातून गेले. हे त्यांचं अपयश मानायचं की देशाचं यश, यावर मोठ्या मुलांमध्ये चांगला वाद रंगतो. मी मुद्दाम माझं मत सांगत नाही, नाहीतर मुलं तेच लिहून मोकळी होतात. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंदांचं निधन झालं. लॉयल्टी मुंबईहून निघालं त्याला तीनच दिवसांपूर्वी 34 वर्षं पूर्ण झाली होती.

एक व्यावहारिक सूचना. राष्ट्रीय सागरी दिन एप्रिलमध्ये येतो आणि तेव्हा आपल्याकडे परीक्षांची गडबड असते, शिवाय द्राक्षं संपत आलेली असतात. हा पाठ फेब्रुवारीतच घ्या. तेव्हा द्राक्षं गोड आणि स्वस्त असतात, बाजारात नवा कांदाही असतो. दोन तासिका लागतात, एक द्राक्ष-कांद्याला आणि एक होडीला. होडीची तासिका मधल्या सुट्टीच्या आधीची ठेवा, कारण उरलेल्या गोळ्या वाटल्याशिवाय वर्ग पुन्हा जागेवर बसत नाही.